पट्टी कोणाच्या दंडावर? देशाच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन निवडताना

भारत फुटबॉलची मॅच हरला की दुसऱ्या दिवशी आमच्या बसस्टँडवरच्या टपरीवर एकच निकाल लागतो: कॅप्टन बदलवा. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव तसं क्रिकेटवालं. फैज फझलच्या संघानं 2017-18 ला विदर्भाला पहिल्यांदा रणजी जिंकून दिली, पुढच्याच वर्षी परत जिंकून दिली, आणि 2024-25 मध्ये अक्षय वाडकरच्या संघानं तिसऱ्यांदा. त्यामुळे कॅप्टन म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यापुढे क्रिकेटचाच कॅप्टन येतो. बॉलिंग बदलणारा, स्लिप काढून पॉइंट लावणारा, रिव्ह्यू घ्यायचा की नाही ते ठरवणारा. मॅच हरली तर गुन्हेगार तोच.

अशाच एका सकाळी टपरीवरच्या एका काकांनी फार मुद्द्याचा प्रश्न टाकला. "मंग फुटबॉलचा कॅप्टन करते तरी काय बाप्पा? बॉलिंग त बदलवत नाही, फिल्डिंग त लावत नाही. नुसती पट्टी बांधून पयते."

दंडावर कॅप्टनची पट्टी बांधून पळणाऱ्या या माणसाचं काम काय, हे कळल्याशिवाय तो कसा निवडावा हे काही सांगता येत नाही. म्हणून आधी कामाचं बोलू.

नियमात कॅप्टनला काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही

फुटबॉलच्या नियमांचं एक छोटं पुस्तक असतं. जगभर तेच चालतं. त्यातला तिसरा नियम खेळाडूंबद्दल आहे आणि त्यात कॅप्टनविषयी जे लिहिलंय ते वाचून क्रिकेटवाल्या माणसाला धक्काच बसेल. कॅप्टनला कोणताही खास दर्जा किंवा सवलत नाही, मात्र संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी त्याच्यावर आहे. एवढंच. म्हणजे हक्क शून्य आणि घरच्यांनी भांडण केलं तर उत्तर द्यायला हा.

संघ कोणता उतरवायचा, कोणत्या रचनेत खेळायचं, कोणाला कधी बाहेर काढायचं, हे सगळं कोच ठरवतो. कॅप्टनच्या वाट्याला अधिकृत असं काम येतं ते टॉसचं. नाणेफेक जिंकली तर कोणत्या गोलकडे हल्ला करायचा ते सांगायचं, नाहीतर पहिली किक घ्यायची. सामना बरोबरीत राहून पेनल्टी शूटआउटवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीनं पेनल्टी मारण्यावर गेला तर पुन्हा नाणं उडतं आणि जिंकणारा ठरवतो की आपण आधी मारायची का नंतर. टॉसला हसू नका. शूटआउट यायच्या आधीच्या काळात, 1968 च्या युरो स्पर्धेत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इटली आणि सोव्हिएत संघाची सेमीफायनल जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिली आणि फायनलला कोण जाणार ते नाणं उडवून ठरलं. इटलीचा कॅप्टन होता फाकेत्ती. त्यानं नाण्याची बरोबर बाजू सांगितली, इटली फायनलला गेली आणि पुढे स्पर्धाही जिंकली.

पण टॉस जिंकता यावा म्हणून कोणी कॅप्टन निवडत नाही. खरं काम नियमपुस्तकाच्या बाहेर आहे.

कोचचा आवाज पोचत नाही तिथं

फुटबॉलमध्ये ओव्हर संपत नाही. ड्रिंक्सची गाडी येत नाही. पंचेचाळीस मिनिटं खेळ सलग चालतो. कोच आपल्या चौकटीत उभा राहून ओरडतो, आणि साठ हजार लोकांच्या गोंगाटात पलीकडच्या कडेनं खेळणाऱ्या विंगरला त्यातलं काही ऐकू जात नाही. गोल बसला, रेफ्रीनं चुकीचा निर्णय दिला, कोणी जखमी झालं, दोन आपलेच खेळाडू एकमेकांवर धावून गेले, अशा वेळी मैदानाच्या आत उभा असलेला एकच माणूस काहीतरी करू शकतो.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 16 जुलै 1950 चं. रिओचं माराकाना स्टेडियम, दीड लाखाहून जास्त माणूस, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला वर्ल्डकपसाठी नुसती बरोबरी पुरत होती. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या ब्राझीलच्या फ्रियासानं गोल मारला. स्टेडियम पेटलं. आता उरुग्वेनं घाईघाईनं चेंडू मध्यावर ठेवून खेळ सुरू केला असता तर त्या लाटेत ते वाहून गेले असते. त्यांचा कॅप्टन ओब्दुलियो व्हारेला याला ते समजलं. त्यानं चेंडू काखेत मारला आणि तो रेफ्रीकडे निघाला, गोल ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेरचा होता म्हणून हुज्जत घालायला. रेफ्री इंग्लंडचा, व्हारेलाची भाषा स्पॅनिश. वाद कोणाला कळणार? पण त्याला निर्णय बदलून घ्यायचाच नव्हता. त्याला वेळ काढायचा होता. गर्दीचा जल्लोष हळूहळू शिव्यांमध्ये बदलला, मग शिव्याही थकल्या. त्यानंतर खेळ सुरू झाला. उरुग्वे 2-1 नं जिंकला.

असे व्हारेला गावोगाव असतात, फक्त त्यांच्या दंडाला पट्टी नसते. आमच्याकडे तुरी निघाल्यावर जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर गावागावांच्या टुर्नामेंट होतात. काळी माती, वाळली की घोट्यापर्यंत भेगा. आमच्या टीमचा कॅप्टन ठरवायची रीत अगदी साधी आहे: ज्याचा चेंडू, तो कॅप्टन. सायकलच्या जुन्या ट्यूबचा काप दंडावर चढवून तो टॉसला जातो आणि तिथंच त्याचं काम संपतं. एकदा आम्ही गोल खाल्ला आणि आमचे दोन बॅक तिथंच एकमेकांची गचांडी धरून उभे. चूक कोणाची, यावर. कॅप्टनसाहेब दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून बघत होते. मधे गेला तो आमचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मध्यावर खेळणारा, जिनिंगवर गठाणी उचलणारा पोट्टा. त्यानं जाळीतून चेंडू काढला, खाली बसून आरामात बुटाची लेस सोडली, परत बांधली. मग दोघांकडे न बघताच म्हणाला, "झालं थे झालं. तू सात नंबरले सोडू नको. बाकी मी पायतो." दोघं आपापल्या जागी गेले. पट्टी त्याच्या दंडाला नव्हती, पण ऐकलं त्याचंच.

कोच कॅप्टन शोधतो तेव्हा हेच शोधत असतो. वाईट मिनिटाला बाकीचे दहा जण आपोआप कोणाकडे बघतात?

12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामना सुरू असताना ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. डेन्मार्कचा कॅप्टन सिमोन केअर धावत गेला, त्याचा श्वास मोकळा राहील हे बघितलं, डॉक्टर आल्यावर बाकी खेळाडूंना त्याच्याभोवती पाठ करून कडं करायला लावलं, म्हणजे कॅमेऱ्यांना काही दिसू नये. एरिक्सनची जोडीदार मैदानात आली तर तिला धीर द्यायलाही हाच. एरिक्सन वाचला. असं कोणत्या ट्रेनिंग कॅम्पात शिकवत नाहीत. माणूस निवडतानाच ते त्याच्यात आहे का बघावं लागतं.

रेफ्रीशी बोलायचं कोणी?

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण अलीकडे यात मोठा बदल झालाय आणि भारताशी त्याचा थेट संबंध आहे.

पूर्वी निर्णय पटला नाही की सात-आठ खेळाडू रेफ्रीला घेराव घालायचे, आमच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाला घालतात तसा. 2024 च्या युरो स्पर्धेत युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं सांगितलं की रेफ्रीजवळ जाऊन विचारणा करायची ती फक्त कॅप्टननं. दुसरा कोणी तावातावानं गेला तर पिवळं कार्ड. बदल्यात रेफ्रीनंही मोठ्या निर्णयाचं कारण कॅप्टनला सांगायचं. पुढे फुटबॉलच्या नियम मंडळानं ही पद्धत बाकीच्या स्पर्धांसाठीही खुली केली. म्हणजे आजवर ज्या पदाला खास काही दर्जा नव्हता, त्याला पहिल्यांदा एक खरीखुरी सवलत मिळाली.

यात एक मेख आहे. कॅप्टन जर गोलकीपर असेल तर? तो ऐंशी मीटर पळत जाऊन विचारणार आणि परत येणार, तोवर आपला गोल उघडा. म्हणून गोलकीपर कॅप्टन असला तर मैदानातल्या दुसऱ्या एका खेळाडूचं नाव आधीच देऊन ठेवायचं.

आता 11 जून 2024 आठवा. दोहा, वर्ल्डकपची पात्रता फेरी, कतार विरुद्ध भारत. भारताचा कॅप्टन सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निवृत्तीचा सामना खेळून गेलेला. पट्टी गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर. लालियानझुआला छांगतेच्या गोलनं भारत 1-0 नं पुढे. जिंकलो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत, जिथं भारत आजवर कधी पोचला नव्हता. 73 व्या मिनिटाला कतारच्या हेडरवर गुरप्रीतनं चेंडू अडवला, तो घरंगळत गोलरेषेच्या बाहेर गेला, भारताचे खेळाडू कॉर्नर समजून थांबले, आणि कतारच्या खेळाडूनं बाहेरचा चेंडू पायानं आत ओढला. गोल. रेफ्रीनं दिला. त्या फेरीत व्हिडिओ रेफ्री नव्हता. पुढे 85 व्या मिनिटाला दुसराही गोल बसला आणि भारत 2-1 नं हरला.

कॅप्टन दुसरा असता तर निर्णय बदलला असता का? नसता. गोल दिला तो दिला. टपरीवर जे बोललं जातं की "छेत्री असता त सोडला नसता", ते मला पटत नाही. पण त्या गोलनंतरच्या बारा मिनिटांबद्दल बोलायला जागा आहे. अन्याय झाला हे सगळ्यांना दिसत होतं, डोकी तापलेली होती, आणि बरोबरीवरून सामना अजून हातात होता. अशा बारा मिनिटांत दहा जणांना राग बाजूला ठेवायला लावायचा, तेही आपल्या गोलच्या खांबात उभं राहून, हे गोलकीपरला फार अवघड आहे. मिडफिल्डमध्ये उभा असलेला माणूस चालता चालता चौघांच्या पाठीवर हात ठेवून येतो.

गोलकीपर कॅप्टन असूच नये असं मात्र नाही. 1982 ला इटलीचा दिनो झोफ चाळीस वर्षांचा होता आणि वर्ल्डकप त्यानंच उचलला. 2010 ला स्पेनचा कासियास, 2018 ला फ्रान्सचा लोरिस, दोघेही गोलकीपर. पण या तिघांच्याही पुढे मैदानात बोलणारी दुसरी दणकट माणसं होती. गोलकीपरला कॅप्टन करायचं तर तशी दोन माणसं त्याच्या पुढे हवीत, हे माझं मत.

सगळ्यात भारी खेळाडू की सगळ्यात भारी माणूस?

आता वादाचा मुद्दा. चाहत्यांना वाटतं की सगळ्यात मोठा खेळाडू तोच कॅप्टन. कधी ते जमतं, कधी अंगाशी येतं.

मेस्सीचं बघा. मॅराडोना कोच असताना अर्जेंटिनाचा कॅप्टन होता हाव्हिएर मास्केरानो, चेंडू हिसकावणारा मिडफिल्डर. 2011 मध्ये नवे कोच साबेला आले आणि त्यांनी पट्टी मेस्सीला दिली. कायमचा कॅप्टन म्हणून मेस्सीचा पहिला सामना झाला तो आपल्या कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, 2 सप्टेंबर 2011 ला, व्हेनेझुएलाविरुद्ध. मास्केरानो रुसला नाही, संघातच राहिला. 2014 च्या वर्ल्डकप सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध सामना शूटआउटवर गेला तेव्हा गोलकीपर रोमेरोला गच्च धरून, आज तू हिरो होणार, असं सांगणारा मास्केरानोच होता. रोमेरोनं दोन पेनल्टी अडवल्या. पट्टी मेस्सीकडे, बोलणं मास्केरानोकडे, आणि दोघांनाही त्यात अडचण नाही. स्टारला कॅप्टन करायचं असेल तर संघात असा एक मास्केरानो आहे का, हे कोचनं आधी बघावं.

ब्राझीलकडे त्याच वर्ल्डकपमध्ये उलटं घडलं. घरच्या मैदानावर स्पर्धा, कॅप्टन थियागो सिल्वा, जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. चिलीविरुद्ध शूटआउटची वेळ आली तेव्हा हा बाजूला जाऊन चेंडूवर बसला, रडवेला, आणि माझं नाव पेनल्टीच्या यादीत शेवटी टाका म्हणाला. ब्राझील जिंकला. पुढच्या कोलंबियाच्या सामन्यात त्यानं गोल मारला, पण प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या आडवं जाऊन फुकटचं पिवळं कार्डही घेतलं. कार्डं भरली, सेमीफायनलला बाहेर बसावं लागलं, आणि तो सामना जर्मनीनं 7-1 नं जिंकला. एक कॅप्टन नव्हता म्हणून सात गोल बसले असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पण दडपणाखाली सगळ्यांत आधी ज्याचा बांध फुटतो, त्याच्या दंडावर पट्टी देऊ नये, इतकं तरी त्यातून घ्यावं. रडण्याला माझी हरकत नाही. बाकीच्यांपासून दूर जाऊन बसण्याला आहे.

नेमारची गोष्ट थोडक्यात. 2018 च्या सप्टेंबरात कोच तिते यांनी त्याला कायमचा कॅप्टन केलं. 2019 च्या मे महिन्यात, फ्रेंच कपच्या फायनलनंतर त्यानं एका प्रेक्षकाला बुक्की मारल्यावर, पट्टी काढून दानी आल्वेसला दिली. वागणुकीची जबाबदारी म्हणजे काय, ते इथं कळतं.

आणि आधी कॅप्टन नसलेला माणूस मधेच कॅप्टन होऊन कप उचलतो असंही झालंय. 1994 ला ब्राझीलनं स्पर्धा सुरू केली तेव्हा कॅप्टन होता राई, देखणा, कलाकार खेळाडू. साखळी सामन्यांनंतर त्याची संघातली जागाच गेली. पट्टी आली दुंगाकडे, ज्याच्या खेळावर कोणी कविता करणार नाही. कप दुंगानं उचलला.

राईच्या गोष्टीतून पहिली अट निघते, आणि ती सगळ्यात रुक्ष आहे: कॅप्टनची अकरामधली जागा पक्की हवी. बाकी सगळे गुण असोत, बेंचवर बसलेला कॅप्टन कामाचा नाही. दुखापतीचंही तसंच. 2010 च्या वर्ल्डकपआधी जर्मनीचा कॅप्टन मिखाएल बालाक जखमी झाला. पट्टी फिलिप लामकडे गेली आणि स्पर्धा चांगली गेल्यावर लाम उघडपणे म्हणाला की मला ती परत करायची इच्छा नाही. बालाक त्यानंतर जर्मनीसाठी एकही सामना खेळला नाही. चार वर्षांनी लामनं वर्ल्डकप उचलला. तेव्हा उपकॅप्टन निवडताना "नावापुरता कोणीतरी" असं करू नये. तो कधीही पूर्ण वेळचा होऊ शकतो.

ज्येष्ठाला द्यायची का तरण्याला?

आपल्याकडे मान वयाला. सरकारी नोकरीसारखी सिनिऑरिटी लिस्ट लागली की वाद नाही. फुटबॉलमध्येही हा मोह सगळ्यांना होतो.

2023 च्या सुरुवातीला लोरिसनं निवृत्ती घेतली. फ्रान्सपुढे दोन नावं होती. आंत्वान ग्रीझमान, वयानं मोठा, संघासाठी राबणारा. आणि किलियन एम्बापे, 24 वर्षांचा. कोच देशाँ स्वतः 1998 चा विजेता कॅप्टन. त्यांनी एम्बापेला कॅप्टन आणि ग्रीझमानला उपकॅप्टन केलं. ग्रीझमाननं वाईट वाटल्याचं लपवलं नाही. पण तो खेळत राहिला. इथं देशाँनी ज्या माणसाला दुखावलं तो सांभाळून घेणारा निघाला म्हणून निभावलं. दरवेळी निभावत नाही. 2023 च्याच जूनमध्ये बेल्जियमचा गोलकीपर कोर्त्वा कॅम्प सोडून गेला. कोच तेदेस्को म्हणाले की कॅप्टन न केल्यामुळे गेला. कोर्त्वा म्हणाला, गुडघा दुखत होता. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक, पण 2024 ची युरो स्पर्धा बेल्जियम त्याच्याशिवायच खेळला.

भारतातलं उदाहरण याहून गोड आहे. 1962 ची जकार्ता एशियाड. कॅप्टन चुन्नी गोस्वामी, वय 24. संघात पी. के. बॅनर्जी, वयानं मोठे, आणि दोनच वर्षांपूर्वी रोम ऑलिंपिकला भारताचे कॅप्टन राहिलेले. म्हणजे माजी कॅप्टन धाकट्याच्या हाताखाली. आमच्याकडे नवा गोऱ्हा वखराला लावायचा तर त्याच्या जोडीला जाणता बैल जुंपतात, तशी ही जोडी होती. कोच सय्यद अब्दुल रहीम कॅन्सरनं आजारी. फायनलला स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं, समोर दक्षिण कोरिया. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून पुढे खेळवलं. पी. कें.नी एक गोल मारला, जर्नेलनं दुसरा. भारत 2-1 नं जिंकला. एशियाडचं फुटबॉलचं सोनं आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

निवडतं कोण?

बहुतेक देशांत कोच. आणि ते बरोबरच आहे, कारण नऊ-दहा दिवसांच्या कॅम्पात कोचला ज्याच्यामार्फत निरोप पोचवायचा, तो त्याच्या भरवशाचा हवा. देशाचा संघ क्लबसारखा रोज भेटत नाही. फिफानं ठरवलेल्या तारखांना पोरं जमतात, दोन सामने खेळतात, पांगतात.

खेळाडूंनी मतदान करून निवडावा, असं आमच्या पोट्ट्यांचं म्हणणं. ऐकायला लोकशाहीचं वाटतं. ऐंशी-शंभर मतांच्या सोसायटीच्या निवडणुकीनंतर भाऊकी किती वर्षं बोलत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरा विचार करावा. 1973 मध्ये हॉलंडच्या आयॅक्स क्लबात खेळाडूंनी मतदान केलं. योहान क्रायफ हरला, पीट कैझर जिंकला. क्रायफ काही आठवड्यांतच बार्सिलोनाला निघून गेला. तीन वर्षं ओळीनं युरोपियन कप जिंकलेला संघ तिथून उतरणीला लागला.

फेडरेशननं मधे हात घातला तर आणखी वाईट. 2012 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या असोसिएशननं कोच कापेल्लोंना डावलून जॉन टेरीचं कॅप्टनपद काढलं. टेरीवर वंशद्वेषी शेरेबाजीचा खटला चालू होता, त्यामुळे काढण्यामागचं कारण मला समजतं. पण कापेल्लोंनी राजीनामा दिला, युरो स्पर्धा चार महिन्यांवर असताना.

आणि कोचच नको असेल तेव्हा? 2010 च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंनी सराव करायला नकार दिला, संघातल्या आनेल्काला घरी पाठवलं म्हणून. त्या बंडाच्या पुढे कॅप्टन पात्रिस एव्हरा. खेळाडूंचं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवलं ते कोच डोमेनेक यांनी, ज्यांच्या निर्णयाविरुद्ध ते होतं! पुढच्या सामन्यात एव्हरा बाहेर, फ्रान्स साखळीतच गारद. कॅप्टन खेळाडूंचा माणूस की कोचचा, हा प्रश्न चांगल्या दिवसांत कोणी विचारत नाही.

मग आपलं काय?

भारताच्या संघात मिझो, मणिपुरी, मल्याळी, बंगाली, पंजाबी, गोवेकर अशी पोरं एकत्र येतात. कोच कधी स्पेनचा होता, कधी क्रोएशियाचा. कॅप्टनला रेफ्रीशी इंग्रजीत, ड्रेसिंगरूममध्ये हिंदीत आणि नुकत्याच आलेल्या पोराशी त्याला समजेल अशा कशाही भाषेत बोलता आलं पाहिजे. छेत्री हे सगळं करायचा, वर गोलही मारायचा, आणि मैदानाबाहेरही कॅप्टन असायचा. 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या स्टेडियमवर भारतानं चायनीज तैपेईला 5-0 नं हरवलं तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. छेत्रीनं व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा सामना होता, आणि त्यानं दोन गोल मारले.

अडचण अशी की एकाच माणसात हे सगळं सापडल्यावर आपण पुढच्याही माणसात सगळं एकदम शोधतो. छेत्री 2024 च्या जूनमध्ये गेला आणि 2025 च्या मार्चमध्ये परत आला. तो परत येणं ही त्याची मोठेपणाची गोष्ट, पण संघाची पंचाईत त्यातून दिसतेच.

याच्या उलट प्रयोगही आपण केलाय. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन 2019 च्या आशिया कपच्या काळात पट्टी फिरती ठेवत. बहारीनविरुद्ध बरोबरी झाली असती तरी भारत पुढे गेला असता. त्या दिवशी कॅप्टन होता प्रणय हालदर. अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टी बॉक्समधला फाउल त्याच्याच हातून झाला, पेनल्टीवर गोल बसला आणि भारत बाहेर. पोरगं सामनाभर जीव तोडून खेळलं होतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्यानं पट्टी सतत वागवलीच नाही, त्याच्याकडे देशाच्या सगळ्यात नाजूक नव्वद मिनिटांना ती द्यायची कशाला? फिरत्या पट्टीनं सगळ्यांना जबाबदारी शिकवता येते असं म्हणतात. मैत्रीपूर्ण सामन्यांत शिकवा ना.

मला विचाराल तर मी स्टॉपर नाहीतर बचावाच्या पुढे खेळणारा मिडफिल्डर बघेन. त्याला सगळं मैदान समोर दिसतं, तो सहसा बदलला जात नाही, आणि स्ट्रायकरसारखं गोल न झाल्याचं ओझं त्याच्या डोक्यावर नसतं. वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे एक आशिया कप आणि एक वर्ल्डकप पात्रता फेरी पूर्ण हाती लागेल. रागीट असला तरी चालेल, पण कार्डांचा हिशोब ठेवणारा रागीट. निवड झाली की ती जाहीर करून टाकायची, निदान दोन वर्षांसाठी, म्हणजे प्रत्येक पराभवानंतर टपरीवर आणि पत्रकार परिषदेत तोच प्रश्न नको. गुरप्रीतसारखा अनुभवी गोलकीपर उपकॅप्टन म्हणून मागे असेलच.

टपरीवरच्या काकांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "हाव, पन छेत्री गोल मारे ना बाप्पा." त्यावर माझ्याकडे उत्तर आहे: गोल मारायला स्ट्रायकर शोधा, तो वेगळा शोध आहे आणि कॅप्टनपेक्षा जास्त अवघड.